जुन्या सदनिकांच्या भिंतींचे उष्णतानिरोधन : विदर्भातील उन्हाळ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

विदर्भातील उन्हाळ्याची चर्चा बहुधा दुपारच्या कमाल तापमानाभोवती फिरत असते. वृत्तपत्रांतील आकडे दुपारचे असतात आणि सावधगिरीच्या सूचनाही दुपारच्याच असतात. तथापि पक्क्या विटांच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या कुटुंबांचा खरा जाच रात्रीचा आहे. सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांत बाहेरची हवा सुसह्य होऊ लागते, लोक गच्चीवर येऊन बसतात. पश्चिमेकडील शयनगृह मात्र मध्यरात्र उलटली तरी धगधगत राहते. दिवसभराच्या तापातून शरीराला सावरण्याची संधी रात्री मिळावयाची असते. वृद्ध, तान्ही मुले, हृदयविकाराचे व मूत्रपिंडविकाराचे रुग्ण यांच्या बाबतीत ही संधी हुकणे धोकादायक ठरते. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्मा कृती आराखडा तयार केला आणि तेव्हापासून उन्हाळा हा सार्वजनिक आरोग्याचा विषय मानला जाऊ लागला. माणूस ज्या चार भिंतींत रात्र काढतो, त्या भिंतींचा विचार मात्र या चर्चेत क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखात १९७० ते १९९५ या काळात बांधल्या गेलेल्या, तीन-चार मजली, काँक्रीटच्या सांगाड्यात विटांची भिंत भरलेल्या सदनिकांचा विचार केला आहे. अशा भिंतींना उष्णतारोधक थर देता येतो का, द्यावयाचा झाल्यास तो कोठे द्यावा आणि त्यापूर्वी काय करावे, हे प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. बाजारात या विषयावर माहितीपेक्षा दावेच अधिक असल्यामुळे थोडी आकडेमोड करणे आवश्यक वाटते.

वाड्याची भिंत आणि सदनिकेची भिंत

‘जुनी घरे थंड असत’ असे आपण सहज म्हणतो. त्याचे श्रेय मातीला, चुन्याला किंवा पूर्वजांच्या शहाणपणाला दिले जाते. त्यात तथ्य आहेच. परंतु मुख्य कारण जाडीचे आहे. नागपूरच्या महाल भागातील एखाद्या जुन्या वाड्याची दोन फुटी भिंत आणि सदनिकेची नऊ इंची भिंत यांतील फरक केवळ प्रमाणाचा राहत नाही, तो वर्तनाचा होतो. दिवसाच्या उष्णतेची लाट दोन फुटी भिंतीत शिरते आणि आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत जवळजवळ विरून जाते. नऊ इंची भिंतीत ती क्षीण होते, पण पोहोचते. आणि पोहोचते ती नेमक्या नको त्या वेळी.

सदनिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सगळी बाह्य भिंत नऊ इंची असतेच असे नाही. मूळ बाल्कनी मागाहून बंद करून जेथे खोली काढली आहे, तेथे बहुतेक वेळा साडेचार इंची भिंत आढळते. याशिवाय खांब व तुळया भिंतीच्या बाहेरील पृष्ठभागापर्यंत आलेल्या असतात. काँक्रीट हे विटेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे हे खांब उष्णतेचे पूल ठरतात.

भिंतीतून उष्णता येते कशी

पदार्थाची उष्णतावाहकता ठाऊक असली की भिंतीचा उष्णतारोध काढणे अवघड नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या १९८७ च्या हस्तपुस्तिकेनुसार भाजलेल्या विटेची वाहकता सुमारे ०.८१, प्रबलित काँक्रीटची १.५८ आणि सिमेंटच्या गिलाव्याची ०.७२ वॅट प्रति मीटर प्रति अंश सेल्सिअस आहे. दोन्ही बाजूंचा गिलावा आणि आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागांना चिकटून असलेले हवेचे पातळ थर हिशेबात धरले, तर नऊ इंची भिंतीच्या एका चौरस मीटरमधून दर अंशाच्या फरकाला साधारण २ वॅट उष्णता आत येते. साडेचार इंची भिंतीत हाच आकडा २.८ च्या आसपास जातो. थर्माकोलची वाहकता ०.०३५ च्या जवळपास, म्हणजे विटेच्या तेविसाव्या भागाइतकी आहे. २५ मिलिमीटर जाडीचा थर नऊ इंची भिंतीला दिला असता २ चा आकडा ०.८ वर येतो. ५० मिलिमीटर दिल्यास ०.५ वर. पहिल्या इंचाने जे साधते ते दुसऱ्या इंचाने साधत नाही, ही बाब खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘जितके जाड तितके चांगले’ हे विक्रेत्याचे सूत्र होय.

परंतु बाहेरचे तापमान म्हणजे हवेचे तापमान नव्हे. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडील उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास सौर ऊर्जा पडते असे धरू. भिंतीचा रंग गडद असेल तर त्यातील सुमारे ७० टक्के ऊर्जा ती शोषून घेते. हवा ४४ अंशांवर असताना अशा भिंतीची स्थिती जणू बाहेर ६५ अंशांची हवा असावी तशी होते. तीच भिंत स्वच्छ पांढरी असेल आणि ३० टक्केच ऊर्जा शोषीत असेल, तर हा परिणामी आकडा ५३ अंशांपर्यंत उतरतो. खोली ३२ अंशांवर आहे आणि उष्णतेचा प्रवाह स्थिर आहे असे तुलनेपुरते गृहीत धरले, तर बारा फूट लांब व नऊ फूट उंच, म्हणजे सुमारे १० चौरस मीटरच्या गडद भिंतीतून ६६० वॅट उष्णता आत येईल. पांढऱ्या भिंतीतून ४२०. आणि पांढरा रंग व २५ मिलिमीटरचा थर दोन्ही असल्यास सुमारे १७०. एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढते. म्हणजे एका गडद भिंतीपायी त्या क्षमतेचा जवळजवळ पाचवा हिस्सा खर्ची पडतो.

या आकडेमोडीतून निघणारा पहिला निष्कर्ष काहीसा अनपेक्षित आहे. निरोधक थराचा विचार करण्यापूर्वीच, केवळ रंग बदलल्याने उष्णतेचा भार एक तृतीयांशाहून अधिक कमी होतो. अलीकडे इमारतींना विटकरी, करडा किंवा चॉकलेटी रंग देण्याची जी टूम निघाली आहे, ती विदर्भात तरी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवलेली बरी. अर्थात पांढरा रंग धुळीने मळतो आणि मळला की त्याचा गुण उतरतो. तो दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हे खर्चात धरले पाहिजे.

प्रत्यक्षात प्रवाह स्थिर नसतो. वीट उष्णता साठवीत साठवीत पुढे देते. नऊ इंची विटेच्या भिंतीत हा विलंब सुमारे सात तासांचा असतो. दुपारी चार वाजता बाहेरील पृष्ठभागावर जो कळस होतो, तो आतल्या पृष्ठभागावर रात्री अकराच्या सुमारास प्रकट होतो. अकरा वाजता पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून पाहणाऱ्यास हा सिद्धान्त समजावून सांगण्याची गरज पडत नाही. निजावयाच्या खोलीची भिंत निजावयाच्या वेळी सर्वांत तप्त असावी, हा या बांधकामाचा मूलभूत दोष होय. कूलरने हवा थंड होते. पण तापलेला पृष्ठभाग अंगावर जी उष्णता किरणांवाटे टाकत राहतो, तिला कूलर अडवू शकत नाही.

कोणती भिंत आधी

नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेअखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. परिणामी उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर फारसे ऊन पडतच नाही. ते पडते हिवाळ्यात, जेव्हा ते हवेहवेसे असते. उन्हाळ्यात तापतात त्या पूर्वेच्या व पश्चिमेच्या भिंती आणि सर्वांत अधिक तापते ते छत. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने भिंतीवर पैसा घालण्यापूर्वी गच्चीचा विचार करावा. मधल्या मजल्यावरील सदनिकेत मात्र पश्चिमेची भिंत हाच मुख्य शत्रू असतो. चारही भिंतींना थर देण्याचे प्रस्ताव येतात, त्यांना येथे शास्त्रीय आधार सापडत नाही.

निरोधक थर आतून की बाहेरून

या प्रश्नावरच साऱ्या कामाचे यशापयश अवलंबून आहे, आणि सोयीच्या कारणास्तव त्याचे उत्तर बहुधा चुकीचे दिले जाते. सदनिकाधारकाच्या हाती असते ती आतली बाजू. परांची बांधावी लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. लाकडी वा धातूची चौकट ठोकून तीत थर्माकोल किंवा काचलोकर भरली आणि वरून जिप्समचे फळे लावले की दोन दिवसांत काम उरकते. उष्णतारोधाची बेरीज केली तर थर आत असो वा बाहेर, उत्तर एकच येते. म्हणून ‘काय फरक पडतो?’ असा प्रश्न विचारला जातो.

फरक पडतो तो साठवणुकीत. थर बाहेरून दिला असता विटेची सारी भिंत खोलीच्या बाजूस राहते. तिच्यावर उन्हाचा मारा होत नाही. रात्री खिडक्या उघडल्या की ती निवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीतील उष्णता शोषून घेण्यास मोकळी असते. रांजण ज्याप्रमाणे पाण्याचा साठा बाळगतो, त्याप्रमाणे ती थंडाव्याचा साठा बाळगते. थर आतून दिला, तर वीट पूर्वीसारखीच तापत राहते आणि खोलीला साठवणुकीचा लाभ मिळत नाही. अशी खोली झटपट थंड होते आणि तितक्याच झटपट तापते. जेथे वातानुकूलन यंत्र दोन-चार तास चालवावयाचे आहे, अशा अभ्यासिकेत किंवा कार्यालयात हा गुण ठरतो. रात्रभर कूलर व उघड्या खिडक्या यांवर ज्यांची भिस्त आहे, अशा कुटुंबाला त्याचा लाभ निम्माच मिळतो. शिवाय आतला थर आडव्या स्लॅबपाशी आणि मधल्या भिंतींपाशी तुटतो; तेथून उष्णता वळसा घालून आत शिरते. बाहेरचा थर खांब-तुळयांसह सगळ्यांवरून सलग जातो. खोलीची तीन-चार इंच जागा वाचते, हा आणखी एक लाभ.

बाहेरच्या थराचीही एक अट आहे. माणसे, स्वयंपाक, दिवे, शीतकपाट यांची उष्णता घरातच निर्माण होत असते. रात्री वायुवीजन झाले नाही, तर चांगली निरोधित खोली ही उष्णताही कोंडून ठेवते. म्हणजे दिवसा खिडक्या बंद व पडदे ओढलेले आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, हा जुना शिरस्ता पाळावाच लागतो. कूलरला हवा बाहेर जाण्याची वाट लागतेच. त्यामुळे या दोहोंत विरोध येत नाही.

भिंतीवर ऊन पडूच न देणे हा याहूनही सरस उपाय होय. पूर्वी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या आणि ओसरीला बांबूच्या चटया लावीत, त्यामागे हेच तत्त्व होते. भिंतीपासून चार-सहा इंच अंतरावर जाळी किंवा पातळ पडदी उभी करून मधून हवा खेळती ठेवली, तर पडदी तापते आणि तिची उष्णता वाऱ्याबरोबर वर निघून जाते. तळमजल्यावर व पहिल्या मजल्यावर पश्चिमेस एखादे कडुनिंबाचे झाड असेल, तर कोणत्याही निरोधक थराची आवश्यकता उरत नाही. दुर्दैवाने वाहनतळासाठी अशी झाडे सर्वांत आधी तोडली जातात.

ओल : आधीचे काम

ओली वीट कोरड्या विटेपेक्षा अधिक उष्णता वाहून नेते. त्यामुळे ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिच्यावर निरोधक थर चढविणे म्हणजे रोगावर शाल पांघरणे होय. जुन्या इमारतीत काँक्रीटची तुळई व विटकाम यांच्या सांध्यावर आडवी चीर पडलेली असते. खिडकीच्या उंबऱ्याचा उतार आत असतो. छज्ज्याखाली पाणी तोडणारी खाच बुजलेली असते. या वाटांनी पाणी शिरते, भिंतीला लोणा लागतो आणि खांबांतील सळ्या गंजू लागतात. वरून जिप्समचा फळा लावला की हे दिसेनासे होते, थांबत मात्र नाही. म्हणून एक पावसाळा भिंतीचे निरीक्षण करावे, ओलीच्या जागा खडूने आखून ठेवाव्यात, दिवाळीनंतर चिरा उकरून कोंबडीजाळीसह गिलावा करावा आणि भिंत पुरती वाळल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये निरोधनाचे काम हाती घ्यावे.

बाष्पाच्या बाबतीत परदेशी पुस्तकांचे अनुकरण घातक ठरते. युरोपातील हिवाळ्यात घराची आतली हवा उबदार व दमट, तर बाहेरची थंड असते. बाष्प आतून बाहेर जाऊ पाहते. त्यामुळे बाष्परोधक पडदा आतल्या बाजूस लावण्याचा तेथील नियम आहे. आपल्याकडे, विशेषतः मुंबई व कोकणच्या दमट हवेत वातानुकूलित खोली असेल तेव्हा, दिशा नेमकी उलटी असते. बाष्प बाहेरून आत येते आणि थंड आतल्या पृष्ठभागापाशी अडते. तेथे प्लॅस्टिकचा पडदा किंवा व्हिनाइलचा भिंतकागद लावलेला असेल, तर त्याच्या पाठीमागे पाणी साचते व बुरशी धरते. मेमधील विदर्भाची हवा इतकी कोरडी असते की हा धोका तेव्हा संभवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र येथेही तो उपस्थित होतो. आतल्या बाजूस चुन्याचा रंग किंवा वाफ जाऊ देणारा साधा रंग ठेवावा.

साहित्य आणि त्याविषयीचे दावे

बाहेरून द्यावयाच्या थरासाठी सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे थर्माकोलचे दाट पत्रे किंवा दगडी लोकरीचे फळे भिंतीला चिकटवून व खिळवून, त्यांवर काचतंतूंची जाळी आणि पातळ गिलावा करणे. वजनाचा प्रश्न येथे फारसा येत नाही. ५० मिलिमीटर थर्माकोलचे वजन चौरस मीटरला एक किलोच्या आसपास भरते, तर २० मिलिमीटर सिमेंटच्या गिलाव्याचे ३५ ते ४० किलो. उलट भिंतीवर दगडी फरशा लावण्याची जी हौस आहे, तिने जुन्या सांगाड्यावर विनाकारण भार पडतो.

आगीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. लंडन येथील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला १४ जून २०१७ रोजी आग लागून ७२ माणसे मृत्युमुखी पडली. १९७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या इमारतीवर नूतनीकरणात बाहेरून ज्वलनशील आवरण व निरोधक फळे बसविण्यात आले होते आणि त्यांमागील पोकळीतून ज्वाळा वर चढत गेल्या. जुन्या सदनिकांच्या निरोधनाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही घटना ध्यानी ठेवावी. इमारत उंच असल्यास दगडी लोकरीसारखे न जळणारे साहित्यच वापरावे. थर्माकोल वापरल्यास तो कोठेही उघडा राहता कामा नये आणि मजल्यागणिक न जळणारा पट्टा आडवा घातला पाहिजे. आणखी एक बारकावा गवंड्याला व वीजतंत्र्याला सांगितला पाहिजे : थर्माकोलच्या सान्निध्यात विजेच्या तारेवरील पीव्हीसीचे आवरण कालांतराने कडक होऊन तडकते. तारा स्वतंत्र नळीतूनच न्याव्यात.

चकाकणाऱ्या पन्नीचे थर ‘उष्णता परावर्तित करतात’ म्हणून विकले जातात. ते खरे आहे. पण पन्नीच्या समोर हवेची पोकळी असेल तरच. दोन थरांत दाबून बसविलेली पन्नी कसलेही परावर्तन करीत नाही. ‘उष्णतारोधक’ म्हणून खोलीच्या आतल्या भिंतीला लावावयाच्या रंगांबाबतही हेच म्हणावे लागेल. ऊन बाहेर पडत असताना परावर्तनाचे काम आत काढणे व्यर्थ होय. भिंतीतील पोकळीत निरोधक द्रव्य भरण्याची इंग्लंडमध्ये प्रचलित असलेली पद्धतही आपल्या जाहिरातींतून अधूनमधून डोकावते. आपल्या भिंती भरीव असल्यामुळे तिचा येथे प्रश्नच उद्भवत नाही.

भिंत कोणाची

तांत्रिक उत्तर बाहेरच्या बाजूचे असले, तरी बाहेरची बाजू सदनिकाधारकाच्या एकट्याच्या मालकीची नसते. सहकारी गृहनिर्माण संस्था असो वा १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील संघटना असो, बाह्य भिंती सामाईक असतात आणि त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारीही सामाईक असते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध करून निवासी इमारतींच्या भिंती व छतांतून येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालून दिली. परंतु तिचा रोख नव्या बांधकामांवर होता. जुन्या इमारतींतील रहिवाशाला तिच्यातून मोजमापाची पद्धत मिळते, हक्क मिळत नाही.

येथे हितसंबंधांचा खरा पेच आहे. पश्चिमेच्या भिंतीचा जाच इमारतीतील एक चतुर्थांश किंवा फार तर निम्म्या सदस्यांना होतो. खर्च मात्र सर्वांनी करावयाचा असतो. पूर्वेकडे राहणारा सदस्य सर्वसाधारण सभेत विचारणारच की, माझ्या खोलीत रात्री ऊब नाही तर मी वर्गणी का द्यावी? हा प्रश्न गैर नाही. तो विचारला जाईल हे गृहीत धरूनच प्रस्ताव मांडला पाहिजे. परांचीचा खर्च हा बाहेरील कोणत्याही कामाचा मोठा भाग असतो. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, तर ३० वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावयाची असते. या तपासणीनंतर चिरा, गिलावा व रंगाचे काम निघतेच आणि त्यासाठी परांची बांधावीच लागते. त्याच परांचीवर पश्चिमेच्या भिंतीला थर देण्याचा वाढीव खर्च तेवढा वेगळा काढून तो लाभधारक सदस्यांनी उचलावा, दुरुस्तीचा व पांढऱ्या रंगाचा खर्च संस्थेने करावा, अशी विभागणी सभेपुढे ठेवता येते. भाडेकरूंचा आवाज या सभेत नसतो. घरमालक शहरात राहत नसल्यास त्या सदनिकेच्या वतीने बोलणारे कोणीच नसते. अशा सदनिकांची यादी सचिवाने आधीच करून मालकांना लेखी कळविणे इष्ट ठरते.

ठरावात भिंतीची दिशा, थराचे साहित्य व जाडी, आगरोधक पट्ट्यांची जागा आणि पाणी तोडणाऱ्या खाचांचा उल्लेख स्पष्टपणे असावा. एरवी रंगाच्या निविदेत ‘उष्णतारोधक रंग’ असे दोन शब्द लिहून कंत्राटदार मोकळा होतो. परांची एकदा उतरली की ती पुन्हा चढावयास सात-आठ वर्षे तरी जातात.